चौदा जणांचा चहा

चौदा म्हातारी माणसं चहाला बोलवायची, एवढंच होतं. नुसता चहा. त्यात अग्निशामक दल कुठून आलं, असं कोणी विचारलं की रोवेना अ‍ॅकरॉइडच्या कानाच्या पाळ्या अजून लाल होतात. पण ती काही नाकारत नाही. उलट मान ताठ करून सांगते, की जे झालं ते रीतसर झालं, सगळ्यांच्या संमतीने झालं आणि त्याची इतिवृत्तात नोंद आहे.

इंग्लंडच्या यॉर्कशरमधली एक निवासी शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी असते. तिथे दर ऑगस्टमध्ये आमच्या, म्हणजे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या, मुलांचं आठवडाभराचं संमेलन भरतं. यंदा बासष्ट मुलं होती, तेरापासून अठरा वर्षांपर्यंतची, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला डझनभर मोठी माणसं. पण मुलांचा कारभार मुलांच्याच सभेत चालतो. आमच्यात अध्यक्ष नसतो, मतदान नसतं, बहुमत तर नसतंच नसतं. सगळ्यांनी मौनात बसायचं. ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलायचं. एकाचं बोलणं संपलं की लगेच दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, ते बोलणं जरा मुरू द्यायचं. मग सभेचा क्लार्क सगळ्यांचा कल ओळखून तिथल्या तिथे ठराव लिहितो, वाचून दाखवतो, आणि लोक म्हणतात, "आशा आहे." मंजूर म्हणत नाहीत. मंजूर म्हणजे फारच खात्री झाल्यासारखं वाटतं.

तर यंदाची क्लार्क होती रोवेना. वय वर्षं सतरा.

आणि यंदाच गाडं अडलं होतं. गेल्या वर्षी मुलांच्या सभेने झोपायच्या वेळेवर पाच दिवस चर्चा केली होती आणि निर्णय घेतला तो शेवटच्या सकाळी, बॅगा भरून दारात ठेवल्यावर. संमेलनाच्या विश्वस्तांनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. यंदा गुरुवारी तिघे विश्वस्त स्वतः बघायला येणार होते. यंदाही हाच पोरखेळ दिसला, तर पुढच्या वर्षापासून सभा बंद. मोठ्यांनी ठरवायचं, मुलांनी खेळायचं.

रोवेनाच्या ते जिव्हारी लागलं होतं. तेरा वर्षांची असताना ती पहिल्यांदा इथे आली, तेव्हा सभेत उठून ती एकच वाक्य बोलली होती, आणि क्लार्कने ते लिहून घेतलं होतं. घरी चार भावंडांत तिचं म्हणणं कोणी ऐकूनसुद्धा घेत नसे. इथे लिहून घेतलं! त्या सभेला कोणी हात लावलेला तिला चालणार नव्हता.

सोमवारी पंधरा वर्षांची बेथन उभी राहिली. वेल्सची मुलगी, बोलताना हात असे हलवते की शेजारच्याने जरा सरकून बसावं. ती म्हणाली, "इथल्या गावातल्या क्वेकर सभेत चौदाच माणसं उरलीत. सगळी म्हातारी. आपण दर वर्षी येतो, त्यांच्या अंगणात फुटबॉल मारतो आणि जातो. गुरुवारी त्यांना चहाला बोलवूया. स्कोन मी करते."

स्कोन म्हणजे लोणी घालून भाजलेला जाडजूड गोडसर पाव. बेथनचा त्यात हात चांगला होता. रोवेनाच्या मनात आलं, वा! छोटं काम, नीटनेटकं काम, आणि नेमकं विश्वस्त येतील त्याच दिवशी. इथे तिचं पहिलं चुकलं. आमच्यात छोटं काम नावाची वस्तूच नसते.

एक जण उठला आणि म्हणाला, लोणी नको, गाईवर अन्याय होतो. मौन. दुसरी म्हणाली, मग लोण्याच्या जागी जे वापराल त्यात पाम तेल असतं, जंगलं जातात. मौन. तिसऱ्याला गहू सोसत नव्हता. चौथीने विचारलं, कागदी कप वापरायचे की चिनी मातीचे, आणि मातीचे असतील तर धुणार कोण, आणि जो धुईल तो स्वेच्छेने धुईल की त्याच्यावर ढकललं जाईल? मौन, आणि हे जरा जास्तच लांबलं, कारण कप धुण्याचा विषय निघाला की आतून कोणाला काहीच वाटेनासं होतं. अडीच तासांनी ठराव झाला, की स्कोन चार प्रकारचे करावेत.

मग शेवटी एक पोरगी उठली. "मला खटकतंय," ती म्हणाली. "आपण सगळे बाहेर हिरवळीवर हात धरून मौन पाळणार, आणि बेथन आत ओव्हनपाशी उभी? म्हणजे ती काय आपली नोकर आहे का?"

झालं. सभेला हे एकदम पटलं. माणसामाणसांत उच्चनीच न मानणं हा आमचा साडेतीनशे वर्षांचा अभिमान. रोवेनाने लिहिलं: 'खाण्याआधीच्या मौनात चहा करणारेही वर्तुळात असतील. कोणालाही आत ठेवलं जाणार नाही.' तिने वाचून दाखवलं. बासष्ट तोंडांनी "आशा आहे" म्हटलं. रोवेनाला इतकं भरून आलं की खाली सही करताना तिने कागदाला भोक पाडलं.

सहायक क्लार्क होता आयवो, सोळा वर्षांचा, टाय लावून फिरणारा, प्रत्येक कागदाच्या दोन प्रती ठेवणारा. गावच्या सभेला आमंत्रण पाठवायचं काम त्याचं. त्याने आमंत्रण लिहिलंच नाही, सभेचा ठरावच जसाच्या तसा ईमेल केला. आमच्यात तीच रीत आहे, त्याला दोष देता येत नाही. पण ठरावात शब्द होते, 'ज्या मित्रांना यावंसं वाटेल त्या सर्वांचं स्वागत.' मित्र म्हणजे आमच्या लेखी कोणीही क्वेकर. गावच्या क्लार्कबाईंनी रीतीप्रमाणे तो शेजारच्या गावच्या सभेला धाडला, त्यांनी त्याच्या पलीकडच्या गावच्या सभेला. बुधवारी सकाळी आयवो नाश्त्याच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"रोवेना, उत्तरं आली."

"चौदा?"

"शहाण्णव."

रोवेनाच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. "शहाण्णव म्हातारी माणसं?"

"एक जण तरुण आहे," आयवो म्हणाला. "पासष्टचा."

"मग त्यांना सांग ना, जागा नाही म्हणून!"

"तसा ठराव करावा लागेल," आयवो म्हणाला. तसा ठराव करायचा तर तीन दिवस लागले असते.

आता मोठ्यांचे सल्ले सुरू झाले. आमच्यात कोणी कोणाला सल्ला देत नाही, हे आधी सांगायला हवं. आम्ही फक्त प्रश्न विचारतो. "रोवेना, एका ओव्हनमध्ये दोनशे स्कोन होतील असं तुला वाटतं का?" "तू विश्रांतीचा विचार केलास का, रोवेना?" "मी काही सुचवत नाही हं, पण पाऊस आला तर, यावर सभेने चिंतन केलंय का?" दुपारपर्यंत तिला असे एकोणीस प्रश्न विचारून झाले आणि एकानेही पीठ चाळायला हात लावला नाही. अपवाद डेझमंडचा. तो निवृत्त सुतार, जेवणाचं बघायला आलेला. तो म्हणाला, "मला काही विचारायचं नाही. चाळणी दे इकडे."

स्वयंपाकघर वापरायला शाळेचा परवाना लागणार होता. शाळेचा रखवालदार गार्साइड हा आमच्यातला नव्हे. तो फॉर्म घेऊन बसला. "जबाबदार व्यक्तीचं नाव?"

"आमच्यात तसं कोणी नसतं," रोवेना म्हणाली.

"प्रमुख कोण?"

"प्रमुख नसतो."

गार्साइडने पेन खाली ठेवलं. "हे बघ पोरी, ओव्हन पेटला तर मी कोणाच्या नावाने शंख करायचा?"

"सभेच्या," रोवेना ताठ मानेने म्हणाली.

तो फॉर्म ती सभेकडे घेऊन गेली आणि तासाभराने परत आणला. त्यावर चारी बाजूंनी, समासात, मागच्या पानावर, अगदी शाळेच्या शिक्क्यावरसुद्धा मिळून बासष्ट सह्या होत्या. गार्साइडने तो उलटसुलट फिरवून पाहिला. "मी बावीस वर्षं इथे आहे," तो म्हणाला. "इथे पैलवान येऊन गेले, बँडवाले येऊन गेले, एकदा जादूगारांचं अधिवेशन झालं. पण तुमच्यासारखी माणसं नाही बघितली." हे कौतुक की काय, ते रोवेनाला कळेना. शेवटी डेझमंडने कोपऱ्यात त्रेसष्टावी सही ठोकली आणि परवाना मिळाला.

गुरुवारी चार वाजता हिरवळीवर माणसांची जत्रा उसळली. काठ्या, घडीच्या खुर्च्या, उन्हाच्या टोप्या. आणि विश्वस्त आले. त्यांतल्या विनिफ्रेड थ्रॉसल या एकोणऐंशीच्या. शिडशिडीत बाई, आयुष्यभर मुख्याध्यापिका होत्या. आमच्यात कोणी कोणाला बाई-साहेब म्हणत नाही, लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. पण विनिफ्रेडना नुसतं विनिफ्रेड म्हणताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

"तर तू क्लार्क," त्या रोवेनाला म्हणाल्या. "चौदा जणांना बोलावलं होतं असं ऐकलं."

"हो, विनिफ्रेड. थोडे वाढले."

"हं," विनिफ्रेड म्हणाल्या.

पहिला घाणा मात्र झकास उतरला होता. दुसरा ओव्हनमध्ये होता. बेथन कणकेने माखलेले हात पुशीत बाहेर आली. "आठ मिनिटं आहेत अजून. मौन किती वेळ?"

"दोन मिनिटं," रोवेना म्हणाली. "चल, वर्तुळात ये. डेझमंड, तुम्हीही. ठराव आहे."

"ओव्हन चालू आहे, पोरी," डेझमंड म्हणाला.

"ठराव आहे, डेझमंड."

डेझमंड आला. ठराव म्हटल्यावर बिचारा काय करणार?

पावणेदोनशे माणसांनी हिरवळीवर वर्तुळ करून एकमेकांचे हात धरले. जेवणाआधी आमची पद्धत सोपी आहे. मौन पुरे झालं असं वाटलं की एकाने शेजारच्याचा हात हलकेच दाबायचा, त्याने पुढच्याचा, असं दाबणं फिरून मूळ माणसाकडे आलं की मौन संपलं. आठ जणांच्या टेबलावर हे शिंक येण्याच्या आत होतं. रोवेनाच्या डाव्या हाताला आयवो होता, आणि उजव्या हातात विनिफ्रेडचा हाडकुळा, थंड हात. वर्तुळ तिथेच मिटणार होतं.

दोन मिनिटांनी रोवेनाने आयवोचा हात दाबला. आयवोने पुढच्याचा. झालं, निघालं ते. रोवेनाने डोळे मिटले आणि उजव्या हाताकडे लक्ष लावलं.

तीन मिनिटं झाली. म्हातारी माणसं आहेत, वेळ लागणारच. पाच मिनिटं झाली. सात झाली.

ते दाबणं पलीकडे ऑब्रीपाशी मेलं होतं. ऑब्री एक्क्याण्णव वर्षांचे, आणि गेल्या थंडीपासून त्यांच्या बोटांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. ते डोळे मिटून प्रसन्न उभे होते. आजकालच्या मुलांना इतकं लांब मौन पाळता येतं, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटत होतं, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

नवव्या मिनिटाला वास आला.

रोवेनाने डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धुराची एक रेघ वर चढत होती. समोर बेथनचे डोळे बशीएवढे झाले होते. रोवेनाला नुसतं तोंड उघडायचं होतं. पण उजवीकडे विनिफ्रेड होत्या, डोळे मिटून, दगडासारख्या. मौन मोडलं तर उद्या म्हणतील, पोरांना दहा मिनिटं दम निघत नाही, यांच्या हाती काय सभा द्यायची! एवढ्यात येईलच दाबणं, ती मनाशी म्हणाली. आत्ता येईल. धुराची रेघ जाड झाली, मग काळी झाली. पावणेदोनशे माणसांची नाकं वळवळत होती, आणि सगळी मूग गिळून उभी होती.

मग शाळेची घंटा वाजायला लागली, आगीची. कानठळ्या बसवणारी. तरी कोणी हललं नाही.

गार्साइड लाल डबा बगलेत मारून धावत आला. "अहो, तुमचा ओव्हन पेटलाय!" पावणेदोनशे मिटलेले डोळे. "ऐकू येतंय का कोणाला?" त्याने एका म्हाताऱ्याच्या तोंडासमोर हात हलवला. "हे काय आंदोलन आहे का? कशाच्या विरुद्ध आहे?" मग कपाळ बडवून तो एकटाच आत पळाला.

तेव्हा मात्र रोवेनाला राहवेना. ती मोठ्याने म्हणाली, "मित्रांनो, स्वयंपाकघरात आग लागली आहे!"

आणि सगळ्यांनी तिचं बोलणं मुरू दिलं.

देवाशपथ! एक जण बोलल्यावर लगेच दुसऱ्याने बोलायचं नाही, ही सवय हाडीमासी खिळलेली. पुरं अर्धं मिनिट ती माणसं त्या वाक्यावर आदराने चिंतन करीत उभी राहिली. तेवढ्यात फाटकातून बंब आला; शाळेची घंटा वाजली की जवळच्याच ठाण्यात आपोआप वर्दी जाते. चार जवान उड्या मारून उतरले, हिरवळीवर हात धरून माना खाली घातलेली एवढी म्हातारी माणसं बघून थबकले, आणि त्यांतल्या नायकाने हळूच शिरस्त्राण काढून छातीशी धरलं. वाटलं असावं, कोणी तरी गेलं.

"ताई, तिकडे!" बेथन किंचाळली. "तिकडे पळा!" नायक बाई होत्या. त्या पळाल्या. मग एकदाचं वर्तुळ फुटलं.

आग फार नव्हती. शंभरेक स्कोनचा कोळसा, एक जळका टॉवेल, छताला काळा डाग. गार्साइडनेच अर्धी विझवली होती. पहिल्या घाण्यातला प्रत्येकाला अर्धा स्कोन आला, जवानांना मात्र अख्खा. खरं दुखलं ते पुढेच. कोणी ओरडलं असतं तर रोवेनाला बरं वाटलं असतं. पण एकेक जण यायचा, तिच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि इतक्या मायेने "कशी आहेस?" विचारायचा, की तिला भुईने पोटात घ्यावं असं व्हायचं. ती आणि बेथन संध्याकाळभर मोरीवर ओव्हनचे काळे झालेले पत्रे घासत राहिल्या. विनिफ्रेड एक अक्षर बोलल्या नाहीत. हे त्याहून वाईट होतं.

शुक्रवारी सकाळी सभा भरली. तिघे विश्वस्त भिंतीला टेकून बसले. आयवोने रीतीप्रमाणे कच्चा ठराव तयार ठेवला होता. त्याने घसा साफ करून वाचला: "गुरुवारी चहाचा कार्यक्रम उत्साहात पार पडला. काही स्कोन अपेक्षेपेक्षा अधिक भाजले गेले."

बासष्ट पोरं हसण्याने लोटपोट झाली. रोवेनाही हसली. मग तिने तो कागद बाजूला सारला. क्लार्कने स्वतःचं मत मांडायचं नसतं. मांडायचंच असेल तर टेबल सोडावं लागतं. तिने पेन आयवोच्या हातात दिलं, उठली आणि खाली मुलांत जाऊन बसली. मग उभी राहिली.

"धूर मला दिसला होता," ती म्हणाली. "घंटा वाजायच्या आधी. मी बोलले नाही, कारण विश्वस्त बघत होते आणि आम्ही किती शहाणे आहोत ते मला दाखवायचं होतं. ते मौन नव्हतं. मी नाटक करत होते. हे लिहून घ्या."

आयवोने लिहून घेतलं.

मग बेथन उठली आणि म्हणाली, मलाही वास आला होता. मागून एक मुलगा म्हणाला, मलाही. डेझमंड म्हणाला, मी तर निघण्याआधीच बोललो होतो, पण पुन्हा बोललो नाही. मग भिंतीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विनिफ्रेड उभ्या राहिल्या.

"वास पहिल्यांदा मला आला," त्या म्हणाल्या. "माझं नाक अजून शाबूत आहे. या मुलीचा हात माझ्या हातात होता. मी तो नुसता दाबला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. नाही दाबला. म्हटलं, बघू तर खरं ही पोरं काय करतात. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला हे शोभत नाही. माझंही लिहून घ्या."

रोवेना बघतच राहिली. तिची सभा होती ही! जिथे थ्रॉसलबाईसुद्धा उठून खरं बोलतात अशी सभा, आणि ती पोरांची होती.

ती परत टेबलापाशी जाऊन बसली. विनिफ्रेड अजून उभ्याच होत्या. "आम्ही तिघांनी विचार केला," त्या म्हणाल्या. "ही सभा मुलांचीच राहावी. आमची एकच अट आहे. इथून पुढे स्वयंपाकघर मोठ्यांच्या ताब्यात असेल."

सगळ्या माना रोवेनाकडे वळल्या. मिळालं होतं की! नुसतं हो म्हणायचं, आभार मानायचे आणि जीव भांड्यात पाडून घ्यायचा. आयवोने टेबलाखालून तिला पायाने ढोसलंसुद्धा.

"आभारी आहे, विनिफ्रेड," रोवेना म्हणाली. "तुमचं म्हणणं मी सभेपुढे ठेवते."

भिंतीपाशी एका विश्वस्ताच्या भुवया वर गेल्या. सभा मौनात गेली. मग बेथन उठली, आणि या वेळी तिचे हात अजिबात हलले नाहीत.

"नको," ती म्हणाली. "जाळलं आपण, तर शिकायचंही आपणच. ओव्हन चालू असताना एकाने आत थांबावं. त्यात कमीपणा नाही. काल मला आत थांबायचंच होतं, पण मला कोणी विचारलंच नाही."

ज्या पोरीला सोमवारी खटकलं होतं, ती खालच्या मानेने म्हणाली, "खरंच नाही विचारलं."

रोवेनाने पेन उचललं आणि लिहिलं. मग उभं राहून, एकेक शब्द सुटा करून वाचलं. "'स्वयंपाकघराची जबाबदारी सभेकडेच राहील. मौनाच्या वेळी कोण आत थांबणार, हे आत थांबणाऱ्यालाच विचारून ठरवलं जाईल. विश्वस्तांची अट सभेने आदराने ऐकली. सभेला ती मान्य नाही.' मित्रहो, हे असंच राहू दे का?"

"आशा आहे," बेथन म्हणाली. "आशा आहे," मुलं म्हणाली, इकडून तिकडून, सगळी बासष्ट. आणि मग गप्प झाली, कारण भिंतीपाशी तिघे अजून बोलले नव्हते.

विनिफ्रेडनी दोघा सोबत्यांकडे पाहिलं. मग त्या पोरांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अगदी सावकाश.

"आशा आहे," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

रोवेनाने सही केली, पान उलटलं आणि म्हणाली, "पुढचा विषय."